डिपसी शर्यत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. त्याच्या अंगावरून पॅसिफिकच्या किनाऱ्यावर उतरणारी ही शर्यत. बे एरियातले मराठी धावक आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे राहायला येणारे आईबाबा तिच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एकाच गोष्टीचं दळण दोनदा दळलेलं नाही. गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डिपसी म्हणजे मॅरेथॉन आहे का?

नाही. अंतर जेमतेम साडेसात मैल, म्हणजे १२ किलोमीटरच्या आसपास. मिल व्हॅली गावातल्या लिटन स्क्वेअरवरून सुटायचं, मधला डोंगर ओलांडायचा आणि स्टिन्सन बीचला पोचायचं. "बारा किलोमीटर तर मी रोज पळतो" असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की वाटेत एकूण चढ २,२०० फुटांच्या आसपास आहे आणि उतार चढापेक्षा जास्त त्रास देतो.

सुरुवात पैजेतून झाली. १९०४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबमधले चार्ल्स बोआस आणि अल्फॉन्स कोनी मिल व्हॅलीच्या रेल्वे स्टेशनवरून निघाले. समुद्रकाठच्या डिपसी इन या हॉटेलात आधी कोण पोचतो, यावर पैज होती. बोआस जिंकला. मंडळींना ही गंमत इतकी आवडली की १९०५ पासून रीतसर शर्यत सुरू झाली. अमेरिकेतली सर्वांत जुनी ट्रेल शर्यत म्हणून आज ती ओळखली जाते. १९३२ आणि १९३३ मध्ये मंदीमुळे, १९४२ ते १९४५ युद्धामुळे आणि २०२० मध्ये कोविडमुळे ती झाली नाही. एरवी जूनचा दुसरा रविवार ठरलेला. २०२१ मध्ये मात्र ती नोव्हेंबरात झाली.

२. मार्ग कसा आहे? टप्प्याटप्प्याने सांगा.

पहिला अर्धा मैल गावातला डांबरी रस्ता, जवळपास सपाट. ओल्ड मिल पार्कमधल्या उंच रेडवुड झाडांखालून गेलात की पायऱ्या सुरू होतात (प्रश्न ३). पायऱ्या संपल्या तरी चढ संपत नाही. घरांमधल्या रस्त्यांवरून विंडी गॅप या खिंडीपर्यंत चढतच राहायचं. इथे पहिला डोंगर संपतो.

खिंडीतून म्युअर वूड्सच्या बाजूला उतार लागतो. कमावलेली सगळी उंची इथे पाच-दहा मिनिटांत घालवायची आणि रेडवुड क्रीक हा ओढा ओलांडायचा. ओढ्यापलीकडे खरी शर्यत सुरू होते. आधी डायनामाइट नावाचा उभा, झाडीतला, मुळांनी भरलेला चढ. मग हॉग्सबॅक: उघड्या सोंडेवरून वर जाणारा रुंद मातीचा रस्ता, सावली जवळपास नाही. पुढे रेनफॉरेस्ट नावाचा ओलसर झाडीचा पट्टा. तिथे धुक्याचं पाणी पानांवरून इतकं ठिबकतं की पाऊस नसताना वाट भिजलेली असते. शेवटी कार्डिअक. उंची १,३६० फूट, हाच शर्यतीचा माथा.

माथ्यावरून समुद्रापर्यंत सगळा उतारच, असं नवख्याला वाटतं. तसं नाही. स्वूप हॉलोमधून, मग स्टीप रॅव्हिन या घळीतल्या उंचसखल पायऱ्यांवरून वेब क्रीकपर्यंत उतरलात की समोर एक छोटा, निर्लज्ज चढ उभा असतो. त्याचं नाव इन्सल्ट. पायांत काही उरलेलं नसताना तो येतो, म्हणून ते नाव. तो संपला की मूर्स ही मोकळी गवताळ उतरण, मग महामार्गालगतचा तुकडा आणि स्टिन्सन बीच.

३. पायऱ्या नेमक्या किती? पळत चढायच्या की चालत?

तीन टप्प्यांत मिळून जवळपास सातशे. पुणेकरांसाठी हिशेब असा: पर्वती एका दमात सहा-सात वेळा चढायची, खाली न उतरता.

पळत चढणारे पहिल्या फळीत असतात. बाकीच्यांनी हात मांड्यांवर टेकवून, एकेक पायरी न चुकवता, झपझप चालावं. खाली दोन-दोन पायऱ्या उड्या मारत गेलेले बरेच जण तिसऱ्या टप्प्यावर कठड्याला टेकून फेफे करताना दिसतात. पायऱ्यांवर वाचवलेलं अर्धं मिनिट हॉग्सबॅकवर व्याजासकट परत द्यावं लागतं.

४. समुद्र कुठून दिसतो? फोटो छान येतात ना?

निरभ्र दिवशी कार्डिअकवरून एका बाजूला पॅसिफिक आणि दुसरीकडे उपसागर दिसतो, सॅन फ्रान्सिस्को शहरही दिसतं. पुढे मूर्सवर समुद्र सतत समोर असतो. हे झालं निरभ्र दिवसाचं. जून हा इथल्या किनाऱ्यावर धुक्याचा महिना. आतली दरी उन्हाने तापते, थंड समुद्रावरची ओली हवा आत ओढली जाते आणि सकाळी डोंगराचा पश्चिम उतार पांढराफट्ट असतो. पुष्कळ जणांना शर्यत संपेपर्यंत समुद्राचा आवाज आधी ऐकू येतो, समुद्र नंतर दिसतो.

शिवाय मूर्सवर नजर वाटेवरच ठेवायची. गवताआड खड्डे आणि चाकोऱ्या आहेत. फोटोसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात चालत जा. हवा तेव्हाच सगळ्यांत स्वच्छ असते.

५. हँडिकॅप म्हणजे काय? सर्वांत वेगवान धावणारा जिंकत नाही का?

बहुतेक वेळा जिंकत नाही. डिपसीचा सगळा जीव या एका नियमात आहे.

वय आणि लिंग यांनुसार प्रत्येकाला काही मिनिटांची आघाडी मिळते. सर्वांत लहान मुलं आणि सर्वांत वयस्क बायका आधी सुटतात. मग मिनिटामिनिटाने एकेक गट सुटत जातो. विशी-तिशीतले तरुण पुरुष सगळ्यांत शेवटी, आघाडी शून्य. पहिल्या आणि शेवटच्या गटात २५ मिनिटांपर्यंत अंतर असतं. शेवटच्या रेषेवर जो आधी पोचेल तो विजेता. मागाहून वयाची वजाबाकी करून काही ठरवत नाहीत. जे डोळ्यांना दिसतं तोच निकाल.

उदाहरण घेऊ, आकडे केवळ समजण्यापुरते. चौसष्ट वर्षांच्या मावशींना २० मिनिटांची आघाडी आहे आणि त्या ७४ मिनिटांत शर्यत पुरी करतात. अठ्ठावीस वर्षांचा भाचा शून्यावरून सुटतो आणि ५५ मिनिटांत पोचतो. भाचा तब्बल १९ मिनिटांनी वेगवान, तरी मावशी एका मिनिटाने जिंकल्या. आणि त्या शेवटच्या मिनिटात मूर्सच्या उतारावर भाच्याला मावशींची पाठ दिसत असणार. इतर शर्यतींत मावशी आणि भाचा एकमेकांना दिसतही नाहीत. एकाची हजेरी पहिल्या पानावर, दुसऱ्याची शेवटच्या. इथे दोघांना एकमेकांशी खरोखर झुंजावं लागतं.

घड्याळातल्या सर्वांत चांगल्या वेळेसाठी वेगळा सन्मान आहे, पण शर्यतीचा विजेता तो नव्हे. सर्वांत जलद वेळ रॉन एलायजाची: १९७४ मध्ये ४४ मिनिटं ४९ सेकंद. आणखी एक खुबी म्हणजे आधी जिंकलेल्यांच्या आघाडीतून मिनिट कापतात, म्हणजे तीच व्यक्ती दरवर्षी जिंकत बसू नये.

६. आठ वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांचे आजोबा जिंकले, हे खरं की व्हॉट्सॲपवरचं?

खरं आहे. २०१० मध्ये रायली जॉन्सन ही आठ वर्षांची मुलगी जिंकली आणि दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, बहात्तर वर्षांचे हान्स श्मिड. सर्वांत जास्त विजय साल व्हास्केस यांचे, सात.

पण डिपसीचं खरं दैवत जॅक कर्क. १९३० मध्ये ते पहिल्यांदा धावले आणि सलग ६७ डिपसी त्यांनी पुऱ्या केल्या. १९५१ मध्ये जिंकले, मग १९६७ मध्ये साठाव्या वर्षी पुन्हा जिंकले. २००२ मध्ये पंचाण्णवाव्या वर्षीही त्यांनी शर्यत पुरी केली. पुढच्या वर्षी परत आले आणि कार्डिअकपर्यंत चढले. २००७ मध्ये, शंभरी ओलांडून ते गेले.

७. बायकांना पहिल्यापासून प्रवेश होता का?

नव्हता. अधिकृत प्रवेश १९७१ मध्ये मिळाला. मात्र त्याच्या अर्धशतक आधी, १९१८ ते १९२२ अशी पाच वर्षं, याच वाटेवर बायकांची स्वतंत्र स्पर्धा झाली. शर्यत म्हटलं तर परवानगी मिळाली नसती म्हणून तिला हाइक म्हणत. नावाला पदभ्रमण, प्रत्यक्षात बायका पळत होत्या. पहिल्या वर्षी एडिथ हिकमन जिंकल्या. ती स्पर्धा बंद पडल्यावर मधली कित्येक वर्षं काही जणी बिननंबरच्या धावत राहिल्या. दार उघडलं आणि दोनच वर्षांत, १९७३ मध्ये, दहा वर्षांची मेरी एटा बोइटानो सगळ्यांच्या पुढे पोचली.

८. प्रवेश कसा मिळतो? ऑनलाइन नोंदणी उघडली की लगेच पैसे भरले, असं चालेल का?

इतकं सोपं नाही. जागा दीड हजारांच्या आसपास आणि मागणी त्याहून पुष्कळ जास्त. वाट अरुंद आहे आणि ती राष्ट्रीय व राज्य उद्यानांतून जाते, त्यामुळे जागा वाढवता येत नाहीत. वर्षानुवर्षं इथे टपालाने अर्ज मागवत आले: जो आधी पोचला तो आत. त्यासाठी लोक पोस्टाच्या वेळा पाठ करून ठेवायचे. काही जागा सोडतीला, काही जास्त पैसे मोजणाऱ्यांना, आणि काही चक्क रडगाण्यांना. "मला का घ्यावं" याचं पत्र लिहायचं आणि आयोजकांना पटलं तर जागा मिळायची. मराठी माणसाने या तिसऱ्या प्रकारात कमी पडू नये, असं माझं मत.

पद्धत आणि तारखा वर्षागणिक बदलतात. फेब्रुवारी-मार्चपासून शर्यतीच्या अधिकृत संकेतस्थळावर नजर ठेवा. गेल्या वर्षी कोणी काय केलं, ते ऐकून यंदाचा अर्ज भरू नका.

९. इन्व्हिटेशनल आणि रनर असे दोन विभाग कशाला? मी कुठल्यात?

पहिल्यांदा येत असाल तर रनर. मागच्या वर्षी वर आलेले इन्व्हिटेशनलमध्ये असतात आणि ते आधी सुटतात. त्यांचे सगळे गट गेले की रनर विभागाचे गट पुन्हा मिनिटामिनिटाने सुटू लागतात. रनरमध्ये चांगला क्रमांक मिळवलात तर पुढच्या वर्षी वर जाता. मग प्रश्न ८ मधली धावपळही वाचते.

याचा अर्थ, रनर विभागातून एकूण शर्यत जिंकणं जवळपास अशक्य. पहिल्या वर्षी ते डोक्यातून काढून टाका.

१०. काळा शर्ट म्हणजे काय भानगड आहे?

पहिल्या ३५ जणांना क्रमांक छापलेला काळा शर्ट मिळतो. बाजारात तो मिळत नाही. मिल व्हॅलीत कॉफीच्या रांगेत पुढच्या माणसाच्या अंगावर तो दिसला, तर मंडळी आवाज खाली आणून बोलतात. छत्तिसाव्या क्रमांकाला काहीच नाही. पस्तीस आणि छत्तीस यांच्यामधली शेवटच्या दोनशे मीटरची झटापट पाहायची असेल, तर विजेता पोचल्यावर लगेच घरी जाऊ नका.

११. शॉर्टकट चालतात म्हणे. ही फसवणूक नाही का?

नाही, ती या शर्यतीची परंपरा. मूळ पैज "इथून तिथे आधी कोण" अशीच होती. मधली वाट ज्याची त्याने शोधायची. पुढे लोक वाट्टेल तिथून घसरत जाऊ लागले, डोंगर झिजू लागला आणि उद्यानांनी बऱ्याच वाटा बंद केल्या. आता ठरावीक जागीच पर्याय निवडता येतो. बंद वाटेने गेलात तर बाद व्हाल.

दोन पर्याय सगळ्यांच्या तोंडी असतात. पहिला विंडी गॅपनंतरचा सुइसाइड. मुख्य वाट सोडून म्युअर वूड्सच्या दिशेने जवळजवळ सरळ खाली पडणारी ती घसरण आहे. कोरड्या जूनमध्ये तिथे ट्रेकवाल्यांच्या ओळखीचा अस्सल घसारा असतो: वर बारीक सुटी माती आणि खाली कडक जमीन. दुसरा कार्डिअकनंतरचा स्वूप. तो कमी उभा आहे, पण अरुंद, आणि दोन्ही बाजूंच्या झुडपांत पॉयझन ओक (प्रश्न १५).

सह्याद्रीत घसाऱ्यावरून टाचा रोवत उतरायची सवय असेल तर सुइसाइडवर तुमचा फायदा आहे. ती नसेल आणि केवळ रस्त्यावर वेगवान असाल तर पहिल्या वर्षी पायवाटेनेच जा. वाचतात सेकंद, आणि घोटा गेला तर पुढचे दोन महिने गेले. ज्या वाटेने आधी एकदाही उतरला नाहीत, ती शर्यतीच्या दिवशी निवडू नका. नियमपुस्तिकेत नसला तरी हा नियम पाळा.

१२. मागून कोणी आलं तर काय करायचं? आणि आपल्याला पुढे जायचं असेल तर?

नवख्यांना याची कल्पना नसते आणि सगळा गोंधळ इथेच होतो. साध्या शर्यतीत वेगवान पुढे, संथ मागे. पाच मिनिटांत सगळे आपापल्या जागी. डिपसीत उलटं आहे. संथ आधी सुटतात आणि वेगवान मागून येतात. म्हणजे तुम्ही वयस्क असाल तर पूर्ण शर्यतभर लोक तुम्हाला ओलांडणार, तरुण असाल तर पूर्ण शर्यतभर तुम्ही लोकांना ओलांडणार. आणि वाट बऱ्याच ठिकाणी एकाच माणसाच्या रुंदीची.

ओलांडणाऱ्याने कुठल्या बाजूने येतोय ते मोठ्याने आणि लवकर सांगायचं. "ऑन युअर लेफ्ट" म्हटलं की पुढचा उजवीकडे सरकतो. टाचेला चिकटल्यावर नव्हे, चार-पाच पावलं आधीच सांगा. पुढच्याने अचानक थांबायचं नाही. त्याच चालीने चालत एका बाजूला व्हायचं. घाबरून वाटेबाहेर उडी मारू नका, बाहेर पॉयझन ओक आहे.

आठ वर्षांच्या पोराला ओलांडताना त्याला दचकवू नका. सत्तरीच्या आजींना ओलांडताना त्यांच्या उतरण्याच्या वेगाला कमी लेखू नका. त्या ही वाट तुमच्या जन्माआधीपासून पळत असू शकतात. इअरफोन घरी ठेवा. मागचा आवाज ऐकू आला नाही तर दोघंही पडाल.

१३. मी पुण्यात असतो, जूनमध्ये मुलीकडे येणार. तयारी कशी करू?

सिंहगड आहे की. आतकरवाडीकडून चढताना साधारण तेवढीच उंची एका दमात मिळते. फक्त एक बदल करा: चढताना घड्याळ लावून उतरताना गप्पा मारत येऊ नका. उतारच शिकायचा आहे. डिपसीत धाप चढाला लागते, पण मांड्या उताराला जातात आणि मग इन्सल्टवर गोळे येतात.

आठवड्यातून एकदा गड, एकदा पायऱ्या, एकदा साधी लांब धाव. दोन-तीन महिने पुरेत. पायऱ्यांसाठी पर्वती किंवा तुमच्या इमारतीचा जिना, काहीही चालेल. उतरताना पावलं छोटी आणि भरभर, गुडघे किंचित वाकलेले, अंग मागे झुकवायचं नाही. मे महिन्यातल्या पुण्याच्या उन्हात पळालेल्याला मरीनमधला जून थंडच वाटतो, त्यामुळे हवेची काळजी नको. विमानाच्या थकव्याची मात्र करा. साडेबारा तास मागे जाता, निदान आठवडाभर आधी पोचा.

वयाची भीती असेल तर प्रश्न १६ वाचा.

१४. सरावासाठी वाट एरवी खुली असते का? एका बाजूने गेलो तर परत कसं यायचं?

खुली असते. डिपसी ट्रेल सार्वजनिक आहे, चालायला पैसे लागत नाहीत. चालत एका बाजूला साधारण चार तास धरा. हिवाळ्यात रेडवुड क्रीकवर पूल असेलच असं धरू नका. पूल नसेल आणि ओढ्याला पाणी असेल तर रस्त्याने वळसा घ्यावा लागतो.

परत यायला मरीन ट्रान्झिटची ६१ नंबरची बस स्टिन्सनहून डोंगरावरून येते. तिच्या फेऱ्या मोजक्याच, त्यामुळे वेळापत्रक आधी बघा. चुकली तर पुढचे दोन तास आइस्क्रीम खात बसावं लागेल. गाडी म्युअर वूड्सला लावायची असेल तर २०१८ पासून तिथे पार्किंगचं आगाऊ आरक्षण लागतं, आणि डोंगरात मोबाइलला रेंज नाही. आरक्षण घरूनच करून निघा.

१५. पॉयझन ओक म्हणजे खाजखुजली का?

खाजखुजली लगेच खाजते, हा दोन दिवसांनी खाजतो. म्हणून जास्त फसवा. एका देठाला तीन पानं, कधी झुडूप तर कधी वेल, उन्हाळ्यात लालसर छटा. त्यातल्या उरुशिऑल या तेलाने अंगावर पुरळ आणि फोड येतात, दोन-तीन आठवडे टिकतात. तेल कपड्यांवर, बुटांवर, लेसवरही राहतं.

शर्यत संपल्यावर शक्य तितक्या लवकर साबण आणि गार पाण्याने हातपाय चोळून धुवा. कपडे वेगळ्या पिशवीत घालून वेगळे धुवा. गाडीत तसेच बसून घरी जाऊन बाळाला उचललंत, तर पुरळ बाळाला. फोड आले, डोळ्यांजवळ पसरले किंवा चेहरा सुजला तर घरगुती लेप लावत बसू नका, डॉक्टरकडे जा.

१६. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत, रोज तळजाईला जातात. त्यांना पळवावं का?

बाबांना विचारलंत का? गंमत सोडा. डिपसी अशा बाबांसाठीच आहे. या वयात चांगली घसघशीत आघाडी मिळते आणि वाटेत त्यांच्या वयाचे पुष्कळ असतात. पण तळजाईची सपाट फेरी आणि ही वाट यांत फरक आहे. आधी प्रश्न १३ प्रमाणे पायऱ्या-उताराचा सराव आणि डॉक्टरांची तपासणी. रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील तर पडण्याचा विचार वेगळा करावा लागतो, तो डॉक्टरांशीच बोला.

पाहुण्यांसाठी घेतलेली प्रवासी विमा पॉलिसी नीट वाचा. काही पॉलिसींत स्पर्धांमधली दुखापत वगळलेली असते. इथला इमर्जन्सी रूमचा आकडा पाहून बाबांचा रक्तदाब खरोखरच वाढेल.

१७. वय नेमकं कुठल्या दिवशीचं धरतात? शर्यतीनंतर आठवड्याने माझा वाढदिवस आहे.

शर्यतीच्या दिवशीचं. आठवड्याने मोठे होणार असाल तर एखादं मिनिट हुकलं असेल, इलाज नाही. तुमचा गट ठरलेला असतो. आपल्या गटाच्या आधी सुटलात तर बाद. नवरा-बायको किंवा बाप-लेक वेगवेगळ्या गटांत असतील तर एकत्र सुटण्यासाठी आधीच्या गटात घुसता येत नाही. वाटेत गाठा.

१८. काय घालायचं? पाणी बरोबर घ्यायचं का?

मध्यम दातांचे ट्रेलचे बूट. सुरुवातीला डांबर आणि लाकडी पायऱ्या असल्याने फार खोल दात नकोत. सुटताना गारठा, हॉग्सबॅकवर ऊन आणि कार्डिअकनंतर पुन्हा धुकं, त्यामुळे पातळ टी-शर्ट पुरतो; पहाटेचा स्वेटर घरच्यांकडे द्या. वाटेत पाण्याची सोय असते, कार्डिअकवरही. दीड तासाच्या आत संपवणाऱ्याला बाटलीची गरज नाही. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर छोटी हातातली बाटली ठेवा. राजगिऱ्याची वडी खिशात असू द्या, पण खायची असेल तर चढावर. उताराला तोंडात घास नको.

१९. मध्येच पाय मुरगळला तर?

रस्ता वाटेला मोजक्याच जागी भेटतो: विंडी गॅप, म्युअर वूड्स आणि थेट शेवटाजवळ. ओढा ओलांडल्यावर डायनामाइटमध्ये काही झालं तर लंगडत खाली परत येणं सोपं. कार्डिअकच्या आसपास असाल तर तिथल्या स्वयंसेवकांकडे जा. सर्वांत जास्त पडझड स्टीप रॅव्हिनमध्ये होते, कारण पायऱ्या एकसारख्या नाहीत. एक वीतभर, दुसरी गुडघ्याएवढी, त्यातून ओल्या. तिथे पडलेल्याला एकटं सोडून जाऊ नका. पुढच्या स्वयंसेवकाला त्याचा छातीवरचा बिब नंबर आणि जागा सांगा.

२०. घरच्यांनी कुठे थांबावं? सुरुवात आणि शेवट दोन्ही बघता येईल का?

अवघड आहे. दोन गावांमधला रस्ता वळणावळणाचा आणि रविवारी गच्च भरलेला. एक जागा निवडा. सुरुवातीला गंमत जास्त: दर मिनिटाला एक गट, आधी आज्या आणि चिल्लीपिल्ली, मग हळूहळू धिप्पाड मंडळी. शेवटाला थरार जास्त. लहान मुलं बरोबर असतील तर स्टिन्सनला जा, वाळू आहे. मात्र तिथे पाणी बर्फासारखं आणि पाण्याखालची ओढ दगाबाज, त्यामुळे पोरांना गुडघ्यापुढे जाऊ देऊ नका. पार्किंग सकाळीच भरतं. धावणाऱ्यांना परत नेण्यासाठी आयोजकांच्या बस असतात. घरच्यांनी त्यांत जागा गृहीत धरू नये.

२१. एकदा धावून समाधान झालं नाही. पुढे काय?

डबल डिपसी: स्टिन्सनहून मिल व्हॅली आणि परत. तीही जूनमध्येच, मूळ शर्यतीनंतर, आणि तिथेही वयाची आघाडी असते. मग क्वाड डिपसी: हीच वाट चार वेळा, २८ मैलांच्या वर, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी. तेव्हा इथला पावसाळा सुरू झालेला असतो, घसाऱ्याची जागा चिखलाने घेतलेली असते आणि जवळपास सातशे पायऱ्या दोनदा चढायच्या, दोनदा उतरायच्या. डबलला प्रवेश मूळ शर्यतीपेक्षा सोपा. डिपसीची जागा हुकली असेल तर त्याच महिन्यात डबल करून वाटेची ओळख करून घ्या आणि पुढच्या वर्षीच्या पत्रात (प्रश्न ८) तेच लिहा.